विज्ञान, देव आणि गोपाळराव आगरकर



सुट्टीत सोनाळ्याला घरी आलेली आपली मुले रविवारची मिस्सा संपल्यावर आमच्याजवळ थांबतात. कुणी अकोल्याला, कुणी शेगावला विज्ञान शाखेत शिकत असते. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : फादर, देव नाही असे विज्ञानाने सिद्ध केले आहे, हे खरे का? मागे उभ्या असलेल्या त्यांच्या आया धास्तावून आमच्या तोंडाकडे पाहतात. या प्रश्नाचे उत्तर मंदिराच्या पायरीवर उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून आज आम्ही एका माणसाचे चरित्र सांगणार आहोत. तो संत नव्हता, ख्रिस्ती नव्हता, देवही मानत नव्हता. पण आपल्या मुलांप्रमाणेच तोही अकोल्याला शिकला आणि हाच प्रश्न त्याने आयुष्यभर प्रामाणिकपणे वागवला.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी असे करत ते वऱ्हाडात अकोल्याला आले. तेथे विष्णु मोरेश्वर महाजनी हे त्यांना शिक्षक लाभले. १८७५ साली मॅट्रिकची परीक्षा देऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. अंगात घालायला एकच सदरा. तो रात्री धुवायचा आणि सकाळी पुन्हा घालायचा, असे त्यांच्याविषयी सांगतात. तेथेच बाळ गंगाधर टिळक यांच्याशी त्यांचा स्नेह जमला आणि देशाला शिक्षण देण्याचा विचार दोघांनी पक्का केला.

एम. ए. झालेल्या माणसाला त्या काळी मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळत असे. आईही त्याच आशेवर होती. आगरकरांनी तिला पत्र लिहून कळवले, की पोटापुरत्या पैशांवर समाधान मानून आपण सगळा वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार आहोत. आम्ही सेमिनरीत जाताना आमच्याही घरी असे एक पत्र गेले होते. म्हणून हा प्रसंग वाचताना आम्ही नेहमी थोडे थांबतो. आम्ही ते देवासाठी लिहिले होते. त्यांनी मात्र स्वर्गाची किंवा पुण्याची कसलीही आशा नसताना लिहिले.

ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. १८८१ साली ‘केसरी’ निघाला, त्याचे ते पहिले संपादक. कोल्हापूरच्या प्रकरणात १८८२ मध्ये टिळकांबरोबर त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे सामाजिक सुधारणांवरून मतभेद झाले, तेव्हा त्यांनी १८८७ साली ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. बालविवाह, विधवांचे केशवपन, मुलींना शिक्षण न देणे यांवर त्यांनी कडाडून लिहिले. चिडलेल्या लोकांनी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तरी ते लिहीत राहिले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांचा आगरकरांवर फार प्रभाव होता. देवतांच्या उत्पत्तीवर त्यांनी लेख लिहिले. स्वप्ने, मेलेल्या पूर्वजांची भीती, निसर्गातील अनाकलनीय घडामोडी यांतून माणसाच्या मनात देवतांची कल्पना कशी उपजली असेल, याचा त्यांनी शोध घेतला. आपल्या मुलांच्या मनात येतो तो विचार हाच : देव कुठून आला ते कळले, म्हणजे देव संपला.

येथे जरा सावकाश जायला हवे. अंधाराला भिऊन मूल आईला हाक मारते. ती हाक भीतीतून निघाली हे खरे. पण तेवढ्यावरून आई घरात नाही असे ठरत नाही; आणि आहे असेही ठरत नाही. त्यासाठी दुसरीकडे पाहावे लागते. श्रद्धा मनात कशी आली हा एक प्रश्न, आणि जिच्यावर श्रद्धा आहे ती वस्तू खरी आहे का हा दुसरा. पहिल्याचे उत्तर शास्त्र देऊ शकेल. त्यातून दुसऱ्याचे उत्तर आपोआप निघत नाही. स्पेन्सरनेही सगळ्या शास्त्रांच्या मुळाशी एक अज्ञेय तत्त्व शिल्लक ठेवले होते. आगरकरांनाही अभ्यासक अज्ञेयवादी म्हणतात. जे कळत नाही ते कळते असे म्हणायचे नाही, ही त्यांची शिस्त.

आपल्याच जिल्ह्यातील लोणारचे उदाहरण घ्या. त्या सरोवराविषयी लवणासुराची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पुढे ते ज्वालामुखीचे विवर असावे असे शास्त्रज्ञांना वाटले. १९७० च्या दशकात तेथील खडकांत प्रचंड आघाताच्या खुणा सापडल्या आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा हा खड्डा उल्केने पाडला हे नक्की झाले. येथे विज्ञानाचा शब्द अखेरचा, आणि तो आपण आनंदाने मान्य करावा. पण उल्का, खडक आणि त्यांना बांधून ठेवणारे नियम मुळात आहेतच का, काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे, हे भिंगाखाली ठेवून पाहता येत नाही. तो विचाराचा प्रांत आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हाच विचार केला. बुद्धीला या वाटेने परमेश्वराची ओळख पटू शकते अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. मात्र तो प्रयोगशाळेतला पुरावा नव्हे.

ही मर्यादा आपल्यालाही लागू आहे. बेल्जियमचे धर्मगुरू जॉर्ज लमेत्र हे मोठे शास्त्रज्ञ. विश्व प्रसरण पावत आहे हे त्यांनी १९२७ साली गणिताने मांडले. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी अशा शोधांत उत्पत्तीची साक्ष पाहिली, तेव्हा स्वतः लमेत्र यांना ते रुचले नाही. आपला सिद्धांत देवाच्या बाजूनेही वापरू नये आणि विरुद्धही वापरू नये, असे त्यांचे मत होते. विज्ञानाने देव सिद्ध केला, असे एखादा भक्त उत्साहाने सांगू लागला तर त्यालाही आपण थांबवले पाहिजे.

मग आगरकर देवापासून दूर का राहिले? केवळ पुस्तके वाचून, असे आम्हाला वाटत नाही. आठ-दहा वर्षांच्या विधवेचे डोके भादरणारे लोक देवाधर्माचे नाव घेत होते. त्या नावाखाली चाललेली निर्दयता त्यांना सहन होत नव्हती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली एक कठोर गोष्ट कबूल केली : नास्तिकता वाढण्यात श्रद्धावंतांचाही वाटा असतो, कारण आपल्या वागण्याने आपण देवाचा चेहरा उघड करण्याऐवजी झाकून टाकतो. हे वाक्य आपण आपल्या घराला लावून पाहावे. सुनेला दिलेला त्रास, भावाभावांतला शेताचा दावा, मिस्सेनंतर लगेच सुरू होणारी निंदा, हे सगळे आपली मुले पाहत असतात. त्यांच्या शंकेचे मूळ दर वेळी विज्ञानाच्या पुस्तकात नसते.

१८९२ साली आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षेही पुरी झाली नसताना, त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीचा भार दुसऱ्यावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे वेगळे बांधून ठेवले होते. ज्या टिळकांशी इतका वाद झाला, त्यांनीच ‘केसरी’त शोकाने भरलेला मृत्युलेख लिहिला.

आगरकर मनातून आस्तिक होते असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे त्यांच्या प्रामाणिकपणाचा अपमान ठरेल. परमेश्वराने त्यांचे स्वागत कसे केले असेल ते त्यालाच ठाऊक. आम्हाला त्याच्या दयेविषयी शंका नाही.

तरुण मित्रांनो, अकोल्याला परत जाताना प्रश्न सोबत न्या. विज्ञान मन लावून शिका आणि त्याचे उत्तर कुठवर पोहोचते तेही पाहा. आणि आयांनो, तुमचे मूल असा प्रश्न विचारते म्हणून रडू नका. त्याला गप्प करू नका. त्याच्यासाठी प्रार्थना करा आणि त्याला आमच्याकडे पाठवा. बसून बोलू.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.