तुटलेली नस किती दिवसांत भरून येते? जे. झेड. यंग यांची गोष्ट

मनगटाजवळ काच लागते, नस तुटते, शस्त्रक्रिया करून ती जोडली जाते. आठ-दहा दिवसांत टाके निघतात, जखम भरते. तरी बोटांना स्पर्श कळत नाही. मग रुग्ण आणि घरचे काळजीने विचारतात, ऑपरेशन नीट झालं ना? बहुतेक वेळा ऑपरेशन व्यवस्थित झालेलं असतं. फक्त नस तिच्या गतीने वाढत असते, आणि ती गती फार संथ असते. ही गती ज्यांनी मोजली, त्यांतले एक महत्त्वाचे शास्त्रज्ञ म्हणजे जॉन झॅकरी यंग. ते डॉक्टर नव्हते. त्यांचा अभ्यासाचा प्राणी होता समुद्रातला स्क्विड, म्हणजे आपल्या कोकणातला म्हाकूळ.

नस म्हणजे नेमकं काय?

आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूलाही नसच म्हणतो. या लेखात नस म्हणजे मज्जातंतू. त्यात हजारो बारीक धागे असतात. प्रत्येक धागा हा एकाच चेतापेशीचा लांब निघालेला भाग असतो. हाताच्या बोटापर्यंत जाणाऱ्या धाग्याची मूळ पेशी मणक्यात किंवा त्याच्या अगदी शेजारी असते. म्हणून मनगटाशी नस तुटली, तरी पेशी सहसा जिवंत राहते आणि नवा धागा पुढे पाठवू शकते.

नेपल्समधला शोध

यंग यांचा जन्म १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथे झाला. ऑक्सफर्डमध्ये प्राणिशास्त्र शिकून ते इटलीतल्या नेपल्स शहरी गेले. तिथे समुद्रकिनारी प्राण्यांच्या अभ्यासाचं प्रसिद्ध केंद्र आहे. ऑक्टोपसच्या कुळातल्या एका प्राण्यात त्यांना एक छोटीशी अनोळखी रचना दिसली. तशीच रचना स्क्विडमध्ये आहे का, हे पाहताना त्यांचं लक्ष काही जाड, पारदर्शक नळ्यांकडे गेलं. जाडी पाहता त्या रक्तवाहिन्याच वाटाव्यात अशा होत्या. पण त्यांत रक्त नव्हतं. ते एकेकटे मज्जातंतूचे धागे होते!

माणसाच्या नसेतला जाडातला जाड धागाही मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो. स्क्विडचा हा धागा अर्धा ते एक मिलिमीटर जाड, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारा. १९०९ मध्ये एका अमेरिकी संशोधकाने त्याचं वर्णन केलं होतं, पण ते विस्मरणात गेलं होतं. शेकडो लहान चेतापेशींचे धागे एकमेकांत मिसळून हा एक जाड धागा तयार होतो, हे यंग यांनी दाखवलं.

इतका जाड धागा कशासाठी?

शत्रू दिसला की स्क्विड अंगातलं पाणी जोराने बाहेर फेकतो आणि उलट दिशेला झेप घेतो. त्यासाठी शरीरावरच्या स्नायूंचं सगळं आवरण एकाच वेळी आकसावं लागतं. धागा जितका जाड, तितका संदेश वेगाने जातो. म्हणून लांबच्या स्नायूंकडे जाणारे धागे जास्त जाड असतात आणि जवळचे कमी. संदेश सगळीकडे जवळजवळ एकदमच पोहोचतो.

माणसात हे काम वेगळ्या पद्धतीने होतं. आपल्या वेगवान धाग्यांवर मायलिन नावाचं चरबीयुक्त वेष्टन असतं, विजेच्या वायरीवर असतं तसं. त्यामुळे धागा बारीक असूनही संदेश स्क्विडपेक्षा कितीतरी वेगाने धावतो. मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारात हेच वेष्टन खराब होतं.

१९३६ मध्ये यंग यांनी अमेरिकेतल्या संशोधकांना हा धागा दाखवला. तो इतका जाड होता, की त्याच्या आत बारीक तार घालून वीज मोजता येत होती. इंग्लंडमध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी याच धाग्यावर प्रयोग केले. सोडियम आणि पोटॅशियमचे कण धाग्याच्या आत-बाहेर गेल्याने संदेश तयार होतो, हे त्यांनी १९५२ मध्ये मांडलं आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. यंग यांना नोबेल मिळालं नाही. दात काढण्यापूर्वी दिलं जाणारं बधिरतेचं इंजेक्शन धाग्यातली सोडियमची हीच वाट बंद करतं. ते नेमकं कसं काम करतं, हे या प्रयोगांमुळेच समजलं.

युद्धातले जखमी आणि तुटलेल्या नसा

दुसऱ्या महायुद्धात हातापायांच्या नसा तुटलेले अनेक सैनिक रुग्णालयांत आले. यंग यांनी समुद्री प्राण्यांचं काम बाजूला ठेवलं आणि ऑक्सफर्डमध्ये तुटलेल्या नसांवर संशोधन सुरू केलं. पीटर मेडावार यांच्यासोबत १९४० मध्ये त्यांनी नसेची टोकं रक्तातल्या फायब्रिनने चिकटवण्याची पद्धत मांडली. फायब्रिनचा असा गोंद आजही काही शस्त्रक्रियांत वापरतात.

त्यांच्या गटाने सशांमध्ये धागा रोज किती वाढतो, हे मोजलं. त्याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये रुग्णांवरही अशी मोजमापं झाली. माणसात हा वेग साधारण दिवसाला १ मिलिमीटर, कधी थोडा जास्त असतो.

१९४४ मध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट त्यांच्या कामातून पुढे आली. नसेपासून तुटलेला स्नायू वाळत जातो. नस पोहोचायला जितका उशीर, तितकी स्नायूची ताकद कमी परत येते. म्हणूनच नस तुटल्याची शंका आली, तर डॉक्टर थांबून राहायला सांगत नाहीत.

पुढचं आयुष्य

१९४५ मध्ये यंग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले. वैद्यकीय पदवी नसताना ब्रिटनमध्ये हे पद मिळवणारे ते पहिलेच. १९७४ पर्यंत त्यांनी तिथे भावी डॉक्टरांना शिकवलं. १९५० मध्ये बीबीसीवरच्या व्याख्यानांमुळे ते घराघरांत पोहोचले. नेपल्सला जाऊन ऑक्टोपसच्या स्मरणशक्तीचाही त्यांनी अनेक वर्षं अभ्यास केला. १९९७ मध्ये, वयाच्या ९०व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत अंतर साधारण १८ सेंटिमीटर धरलं, तर रोज १ मिलिमीटरने सहा महिने लागतात. सुरुवातीचे काही आठवडे वेगळे. दंडाजवळ नस तुटली असेल, तर वर्षाहून जास्त काळ लागू शकतो. या काळात पुढील गोष्टी लक्षात ठेवा:

- खोल जखमेनंतर बोट बधिर वाटलं किंवा हलत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.
- बधिर बोटांना चटका कळत नाही. गरम भांडी, इस्त्री, चूल यांपासून जपा.
- फिजिओथेरपी सोडू नका. नस येईपर्यंत सांधे आखडू न देणं महत्त्वाचं आहे.
- तपासताना नसेवर टिचकी मारल्यावर झिणझिण्या येण्याची जागा महिन्यागणिक बोटाकडे सरकत असेल, तर ते चांगलं लक्षण आहे.
- जागा पुढे सरकत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता सर्जनना भेटा.

प्रत्येक नस पूर्णपणे भरून येतेच असं नाही. मेंदू आणि मणक्यातले धागे तर अशा प्रकारे वाढत नाहीत. पण हातापायांतली नस वेळेत जोडली असेल, तर महिनाभरात फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नका. एका महिन्यात ती जेमतेम तीन सेंटिमीटर पुढे गेलेली असते.