प्रार्थनेत मन न लागणारी संत : आविलाची तेरेसा

विद्यार्थी मित्रांनो, प्रार्थनेसाठी डोळे मिटले की नेमके त्याच वेळी मनात नाही नाही ते विचार गर्दी करतात, हा अनुभव लहानथोर सर्वांचाच आहे. पण जगाला प्रार्थना शिकवणाऱ्या एका थोर संत स्त्रीलाही हाच त्रास तब्बल अठरा वर्षे होत होता, असे सांगितले तर आश्चर्य वाटेल. त्यांचे नाव संत तेरेसा. कोलकात्याच्या मदर तेरेसा निराळ्या. या तेरेसा त्यांच्या सुमारे चारशे वर्षे आधी स्पेनमध्ये होऊन गेल्या.

तेरेसाचा जन्म २८ मार्च १५१५ रोजी आविला प्रांतात झाला. घरात भावंडे पुष्कळ. संतांच्या कथा वाचून भारावलेली ही सात वर्षांची मुलगी एकदा भाऊ रोद्रिगो याला घेऊन घरातून निघाली. परधर्मीयांच्या मुलखात जाऊन हुतात्मा व्हायचे, म्हणजे थेट स्वर्ग मिळेल, असा तिचा बेत! वाटेत काका भेटले आणि त्यांनी दोघांना घरी आणून सोडले. पुढे लहान वयातच तिची आई वारली.

विसाव्या वर्षी, म्हणजे १५३५ साली, वडिलांची इच्छा नसतानाही तेरेसा कार्मेल पंथाच्या मठात दाखल झाल्या. थोड्याच वर्षांत त्यांना भयंकर आजार जडला. १५३९ साली त्या चार दिवस बेशुद्ध होत्या. त्या गेल्या असे समजून मठात त्यांच्यासाठी कबरही खणून ठेवली होती. त्या वाचल्या खऱ्या, पण पुढची जवळजवळ तीन वर्षे त्यांना धड चालता येत नव्हते.

बरे झाल्यावर वेगळीच अडचण आली. त्या मठात दीडशेहून अधिक भगिनी राहत. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ असे, गप्पा रंगत. तेरेसा बोलक्या आणि हसतमुख, म्हणून त्यांना भेटायला पुष्कळ लोक येत. प्रार्थनेला बसले की त्याच गप्पा डोक्यात घोळत. पुस्तक हाती नसेल तर त्यांना प्रार्थनेला बसवत नसे. कधी कधी तर सगळे लक्ष तास कधी संपतो याकडेच असे! आपण प्रार्थनेच्या लायकीचेच नाही असे वाटून त्यांनी मनोमन करायची प्रार्थना वर्षभराहून अधिक काळ सोडूनही दिली. १५४३ साली वडील वारल्यानंतर एका धर्मगुरूंनी समजावले, तेव्हा त्यांनी ती पुन्हा सुरू केली आणि नंतर कधीच सोडली नाही. १५५४ साली जखमी ख्रिस्ताच्या मूर्तीसमोर त्यांचे हृदय हेलावले आणि तेथून त्यांचे जीवन पालटले.

या अनुभवातून त्यांनी जे शिकवले ते फार साधे आहे. मनाची खडखड पाणचक्कीसारखी असते. ती थांबवण्यासाठी भांडत बसू नये, आपले दळण चालू ठेवावे. घाईघाईने पुष्कळ प्रार्थना म्हणण्यापेक्षा आपण कोणाशी बोलत आहोत हे ओळखून एकच नीट म्हणावी. देव स्वयंपाकघरातल्या भांड्याकुंड्यांतही भेटतो, असे त्या भगिनींना सांगत.

वर्दळीपासून दूर शांतपणे प्रार्थना करता यावी म्हणून १५६२ साली त्यांनी आविलात संत जोसेफ यांच्या नावाने छोटा मठ सुरू केला. तिथे अगदी मोजक्याच भगिनी असाव्यात असा नियम ठेवला. या भगिनींसाठी त्यांनी एक पुस्तक लिहिले. त्यात प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेचा अर्थ उलगडताना त्या क्षमेपाशी थांबतात. आपण ज्यांना अपमान म्हणतो त्यांतले बहुतेक मुळी अपमान नसतातच, असे त्यांचे मत. प्रार्थना खरी की खोटी, हे आपण दुसऱ्याला माफ करतो की नाही यावरून कळते.

या शिकवणीची कसोटी १५७१ साली लागली. वरिष्ठांनी तेरेसा यांना त्यांच्या जुन्याच मठात प्रमुख म्हणून पाठवले. आपल्याला न विचारता नेमणूक झाली म्हणून तेथील अनेक भगिनी संतापल्या. आरडाओरड झाली, त्यांना दारातच अडवण्यात आले. तेरेसा यांनी कोणालाही शिक्षा केली नाही. पहिल्या सभेच्या दिवशी भगिनी आत आल्या तर प्रमुखाच्या खुर्चीवर मारिया मातेची मूर्ती होती आणि तेरेसा तिच्या पायाशी बसल्या होत्या. मठात खाण्यापिण्याचे हाल होते. त्यांनी आधी सर्वांना पोटभर जेवण मिळेल याची व्यवस्था केली. सहा वर्षांनी, १५७७ साली, निवडणुकीत त्याच मठातील पन्नासहून अधिक भगिनींनी त्यांनाच मत दिले. वरिष्ठांचा विरोध पत्करूनही दिले!

प्रकृती नाजूक असतानाही बैलगाडी-खेचरांवरून प्रवास करत त्यांनी एकूण १७ मठ उभे केले. ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री आल्बा दे तोर्मेस येथे त्यांचे निधन झाले. त्याच रात्री नवी दिनदर्शिका लागू झाल्यामुळे दुसरा दिवस १५ ऑक्टोबर म्हणून उजाडला. म्हणूनच त्यांचा सण १५ ऑक्टोबरला असतो. १२ मार्च १६२२ रोजी त्यांना संतपद मिळाले. जुन्या गोव्यात ज्यांचे शव आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांनाही त्याच दिवशी हा मान मिळाला. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी त्यांना चर्चच्या आचार्य म्हणून घोषित केले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

मित्रांनो, आपला धर्म कोणताही असो, प्रार्थनेत मन भरकटले म्हणून ती सोडू नये. आणि प्रार्थनेहून उठल्यावर ज्याच्याशी अबोला धरला आहे, त्याच्याशी आपण होऊन दोन शब्द बोलून पाहावे. पालकांनीही घरी मुलांसमोर हे करून दाखवावे. मुले ऐकून शिकतात त्याहून अधिक पाहून शिकतात.