इन्ग्रिड बर्गमन : पडद्यावरील संत आणि पडद्यामागील माता

आपल्या उपासना वर्षात २९ ऑगस्ट हा संत योहान बाप्तिस्ता यांच्या शिरच्छेदाचा स्मरणदिन. राजा हेरोदाने भावाच्या पत्नीशी केलेला विवाह अधर्म्य आहे, हे स्पष्टपणे सांगितल्यामुळे या संदेष्ट्याला प्राणांचे मोल द्यावे लागले. याच तारखेला १९१५ साली स्टॉकहोम येथे इन्ग्रिड बर्गमन ही जगविख्यात अभिनेत्री जन्माला आली आणि ६७ वर्षांनी, १९८२ साली, याच तारखेला लंडन येथे तिने अखेरचा श्वास घेतला. योगायोगांना फार अर्थ चिकटवू नये, हे आम्ही जाणतो. तरीही विवाहबंधनाच्या प्रश्नावरून जिला अर्ध्या जगाने बोल लावले, तिचे स्मरण या दिवशी व्हावे, ही गोष्ट मनात घोळत राहते. तिच्या चरित्राचा काही भाग आपल्या ख्रिस्तसभेच्या अंगणातून गेलेला आहे, हे आज लिहिण्याचे दुसरे कारण.

इन्ग्रिडचे वडील जस्टस बर्गमन चित्रकार होते आणि स्टॉकहोममध्ये त्यांचे छायाचित्रणाचे दुकान होते. आई फ्रीडेल मूळची जर्मनीतील कीलची. आई वारली तेव्हा इन्ग्रिड जेमतेम अडीच वर्षांची होती. वडिलांना चलच्चित्र कॅमेऱ्याचा नाद. आईच्या कबरीवर फुले ठेवणाऱ्या चिमुकल्या इन्ग्रिडचे त्यांनी टिपलेले चित्रण आजही उपलब्ध आहे. तिला चौदावे वर्ष चालू असताना वडीलही गेले. आत्याने तिला आपल्या घरी नेले, परंतु काही महिन्यांतच आत्यानेही तिच्या समक्ष प्राण सोडला. पुढे ती काकांच्या भरल्या घरात वाढली. अशा पोरक्या मुलीला दुसऱ्याच्या भूमिकेत शिरून बोलणे सोपे वाटले असेल, तर त्यात नवल नाही. १९३३ साली तिने स्वीडनच्या राजकीय नाट्यशाळेत प्रवेश मिळवला. तथापि वर्षभरातच ती चित्रपटांकडे वळली. १९३७ साली पेटर लिंडस्ट्रॉम या दंतवैद्याशी तिचा विवाह झाला आणि १९३८ साली कन्या पिया जन्मली.

हॉलिवूडचा निर्माता डेव्हिड सेल्झनिक याने १९३९ साली तिला अमेरिकेत बोलावून घेतले. नटीच्या भुवया कोरायच्या, दात बसवायचे, कानाला रुचेल असे नाव द्यायचे, ही त्या नगरीची रीत. इन्ग्रिडने या तिन्ही गोष्टींना ठाम नकार दिला. व्यवहारचतुर सेल्झनिकने मग तिच्या साधेपणाचीच जाहिरात केली. रंगरंगोटी नसलेली, निर्मळ, कुटुंबवत्सल स्त्री अशी तिची मूर्ती लोकांच्या मनात घडवली गेली. 'कासाब्लांका' (१९४२) या चित्रपटाने तिची कीर्ती जगभर पोहोचवली. त्याचे चित्रीकरण चालू असताना पटकथा पूर्ण झालेली नव्हती आणि शेवटी नायिका कोणत्या पुरुषाबरोबर जाणार, हे तिलाही ठाऊक नव्हते. 'गॅसलाइट' (१९४४) मधील भूमिकेसाठी तिला पहिले ऑस्कर मिळाले.

आम्हा धर्मगुरूंना मात्र ती भेटली 'द बेल्स ऑफ सेंट मेरीज' (१९४५) मध्ये. दिग्दर्शक लिओ मॅकॅरी, फादर ओमॅलीच्या भूमिकेत बिंग क्रॉस्बी आणि मोडकळीस आलेल्या शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टर मेरी बेनेडिक्ट म्हणजे इन्ग्रिड. मार खाऊन आलेल्या मुलाला ही सिस्टर पुस्तकात पाहून मुष्टियुद्धाचे धडे देते, तो प्रसंग पाहून हसू न येणारा माणूस विरळा. पण चित्रपटाचे मर्म अखेरीस आहे. सिस्टरला क्षयाची बाधा झालेली असते. हे तिला कळू न देता तिची बदली करावी, असा सल्ला डॉक्टर फादरांना देतात. फादरांशी मतभेद झाले म्हणूनच आपल्याला दूर धाडले जात आहे, अशी तिची समजूत होते आणि मनातील कडवटपणा दूर व्हावा म्हणून ती प्रार्थना करते. निरोपाच्या क्षणी फादर तिला सत्य सांगतात आणि तिचा चेहरा आनंदाने उजळतो. आजारपण तिला चालते, अन्याय मात्र सोसवत नव्हता. व्रतस्थ जीवनातील आज्ञापालनाची ही बाजू चित्रपटात क्वचितच इतक्या समजुतीने हाताळली गेली आहे. या चित्रीकरणाची एक आठवण नेहमी सांगितली जाते. शेवटच्या दिवशी इन्ग्रिड आणि क्रॉस्बी यांनी थट्टेने निरोपाच्या दृश्यात परस्परांना चक्क आलिंगन देऊन चुंबन घेतले, तेव्हा सल्लागार म्हणून बसलेले धर्मगुरू हादरून ओरडत उठले! त्या फादरांविषयी आम्हाला सहानुभूती वाटते.

इन्ग्रिड स्वतः लुथरन परंपरेत वाढलेली होती. पण कॅथोलिक अमेरिकेने तिला आपले मानले. त्यात भर पडली ती संत जोन ऑफ आर्कची. ही फ्रेंच शेतकरीकन्या इन्ग्रिडच्या मनात बालपणापासून होती. १९४६ साली तिने 'जोन ऑफ लोरेन' या नाटकात ही भूमिका केली. वॉशिंग्टनमधील ज्या नाट्यगृहात प्रयोग होते तेथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. इन्ग्रिडने त्याविरुद्ध वार्ताहरांसमोर जाहीरपणे आवाज उठवला आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. पडद्यावरच्या कोणत्याही प्रसंगापेक्षा येथे तिच्यात जोन अधिक दिसते, असे आमचे मत आहे. नाटकातील अभिनयासाठी तिला टोनी पुरस्कार मिळाला. पाठोपाठ १९४८ साली 'जोन ऑफ आर्क' हा भव्य चित्रपट आला. रूआं येथे १४३१ साली चितेवर चढवली गेली तेव्हा जोन सुमारे १९ वर्षांची होती. इन्ग्रिड ३३ वर्षांची. प्रेक्षकांना त्याचे काही वाटले नाही. त्यांच्या लेखी सिस्टर, संत आणि इन्ग्रिड या तिघी एकच झाल्या होत्या. पडद्यावरचे शिरोवस्त्र त्यांनी तिच्या मस्तकावरून कधी उतरवलेच नाही.

याच सुमारास तिने रॉबर्तो रोस्सेलिनी या इटालियन दिग्दर्शकाचा 'रोम, ओपन सिटी' हा चित्रपट पाहिला. नाझींच्या गोळ्यांना सामोरे जाणारे डॉन पिएत्रो हे धर्मगुरू ज्यात आहेत, तोच हा चित्रपट. १९९५ साली व्हॅटिकनने तयार केलेल्या ४५ उल्लेखनीय चित्रपटांच्या यादीत त्याचा समावेश आहे. प्रभावित झालेल्या इन्ग्रिडने रोस्सेलिनीला पत्र लिहून त्याच्याबरोबर काम करण्याची इच्छा कळवली. १९४९ च्या मार्च महिन्यात ती रोमला गेली. १० वर्षांची पिया अमेरिकेत वडिलांजवळ राहिली. काही महिन्यांचे चित्रीकरण आटोपून आई परतणार होती. ती परतली नाही.

'स्ट्रॉम्बोली' या ज्वालामुखीच्या बेटावर चित्रीकरण चालू असतानाच या प्रेमप्रकरणाचा जगभर बोभाटा झाला. दोघेही विवाहित होते. २ फेब्रुवारी १९५० रोजी रोममध्ये त्यांच्या पुत्राचा जन्म झाला, तेव्हा इन्ग्रिडचा घटस्फोटही झालेला नव्हता. १४ मार्चला अमेरिकेच्या सिनेटमध्ये कोलोरॅडोचे सदस्य एडविन जॉन्सन यांनी तिच्यावर व रोस्सेलिनीवर घणाघाती टीका केली आणि चित्रपट कलावंतांना नैतिकतेच्या कसोटीवर परवाने देण्याचे विधेयक मांडले. ते पुढे बारगळले. मेम्फिससारख्या शहरात 'स्ट्रॉम्बोली'वर बंदी आली. गंमत अशी की, चित्रपटाच्या अखेरीस ज्वालामुखीच्या माथ्यावर एकाकी पडलेली नायिका देवाचा धावा करते. तो धावा ऐकण्यापूर्वीच अनेकांनी निकाल दिला होता.

विवाह हा पवित्र संस्कार आहे आणि तो मोडण्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पेटर लिंडस्ट्रॉमला काय सोसावे लागले, हे तिचे चाहते बहुधा विसरतात. परदेशात नव्याने वैद्यकशास्त्र शिकून मेंदूचा शल्यविशारद झालेला तो कष्टाळू माणूस रातोरात जगाच्या चावडीवर आणला गेला. परंतु त्या वेळच्या संतापात नीतीपेक्षा भ्रमनिरासच अधिक होता, असे आम्हाला वाटते. याहून स्वैर वागणाऱ्या कित्येक नटनट्यांना लोकांनी सहज क्षमा केली होती. इन्ग्रिडचा खरा अपराध हा की, लोकांनी उभी केलेली मूर्ती तिने भंग केली. ती मूर्ती उभारण्यात आपल्याही लोकांचा हात होता, हे कबूल करायला हवे.

शिक्षा भोगावी लागली ती मात्र पियाला. १९५१ साली इंग्लंडमध्ये मायलेकींची ओझरती भेट झाली. पुढच्या वर्षी सुट्टीत पियाला इटलीला पाठवावे म्हणून इन्ग्रिडने लॉस एंजेलिसच्या न्यायालयात दाद मागितली. इटलीला जाण्याची आपली इच्छा नाही, असे १३ वर्षांच्या त्या मुलीने न्यायाधीशांना सांगितले आणि अर्ज फेटाळला गेला. त्यानंतर थेट १९५७ पर्यंत दोघी एकमेकींना दिसल्या नाहीत. इन्ग्रिडची आई मृत्यूने नेली होती. पियाची आई जिवंत होती, दूर देशी, वर्तमानपत्रांच्या पानोपानी.

रोस्सेलिनीशी तिचा विवाह १९५० साली मेक्सिकोमध्ये वधूवरांच्या गैरहजेरीत, प्रतिनिधींमार्फत लागला. १९५२ साली इझाबेला व इझोत्ता या जुळ्या कन्या जन्मल्या. दोघांनी मिळून केलेले चित्रपट तेव्हा चालले नाहीत. त्यांपैकी 'युरोपा ५१' आमच्या वाचकांनी अवश्य पाहावा. मुलाच्या मृत्यूनंतर गोरगरिबांच्या सेवेत स्वतःला झोकून देणाऱ्या एका श्रीमंत स्त्रीला तिचेच आप्तेष्ट वेड्यांच्या इस्पितळात ठेवतात, अशी त्याची कथा आहे. सिस्टर मेरी बेनेडिक्टपेक्षाही ही भूमिका ख्रिस्ताच्या अधिक जवळ जाणारी आहे.

या संसाराचा शेवट आपल्या मुंबईत झाला, हे अनेकांना ठाऊक नसेल. पंडित नेहरूंच्या सरकारच्या सहकार्याने भारतावर चित्रपट करण्यासाठी रोस्सेलिनी १९५६ च्या डिसेंबरात येथे आला. १९५७ साली बंगाली चित्रपटकार हरिसाधन दासगुप्ता यांची पत्नी सोनाली हिच्याशी त्याचे नाव जोडले गेले आणि मुंबईच्या वृत्तपत्रांत काहूर माजले. अडचणीत सापडलेल्या पतीला चित्रपटासह भारताबाहेर पडता यावे म्हणून इन्ग्रिडने लंडनमध्ये नेहरूंना भेटून रदबदली केली. जी स्त्री तिची जागा घेणार होती, तिच्याविषयी तिने कडवटपणा धरला नाही. सोनाली धाकट्या मुलाला घेऊन युरोपात गेली. थोरला मुलगा मागे राहिला. पुन्हा एकदा एक आई आणि एक मागे राहिलेले मूल.

अमेरिकेचा राग एव्हाना निवळला होता. 'अनास्तासिया' (१९५६) साठी तिला दुसरे ऑस्कर मिळाले. ते तिच्या वतीने मित्र कॅरी ग्रँट याने स्वीकारले. १९५७ च्या उन्हाळ्यात पॅरिस येथे आता तरुण झालेली पिया तिला भेटली. १९५८ साली इन्ग्रिडने स्वीडिश नाट्यनिर्माता लार्स श्मिट याच्याशी विवाह केला. त्याच वर्षीच्या 'द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस' मध्ये तिने चीनमधील मिशनरी ग्लॅडिस आयलवर्ड यांची भूमिका केली. आपल्या जीवनात घुसडलेल्या प्रेमकथेमुळे त्या सेवाव्रती स्त्रीला मनस्वी क्लेश झाले, हेही नमूद करणे न्यायाचे ठरेल. पुढे दूरचित्रवाणीने इन्ग्रिडला घरोघरी नेले. १९५९ सालच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू' या नाट्यासाठी तिला एमी पुरस्कार मिळाला. मधल्या काळात इझाबेलाच्या मणक्याला बाक आला. तेव्हा कामे बाजूला सारून ती दीर्घकाळ मुलीच्या उशाशी बसली. एकदा हुकलेले कर्तव्य तिला दुसऱ्यांदा हुकवायचे नव्हते.

१९७२ साली इलिनॉयचे सिनेटर चार्ल्स पर्सी यांनी त्याच सिनेटच्या कामकाजात तिच्या गौरवाचे शब्द नोंदवून पूर्वीच्या हल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. २२ वर्षे लागली. 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' (१९७४) मध्ये मोठी भूमिका सोडून तिने एका बावळ्या स्वीडिश मिशनरी बाईची छोटी भूमिका मागून घेतली आणि तिसरे ऑस्कर मिळवले. त्याच सुमारास तिला स्तनाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले.

१९७८ सालच्या 'ऑटम सोनाटा' मध्ये इंगमार बर्गमन या थोर दिग्दर्शकाने तिला विख्यात पियानोवादिकेची भूमिका दिली. कलेसाठी मुलींकडे पाठ फिरवणारी ही आई सात वर्षांनंतर लेकीच्या घरी येते आणि एका रात्रीत सारा हिशेब तिच्यासमोर मांडला जातो. ही आई फारच निष्ठुर लिहिली आहे, म्हणून इन्ग्रिड दिग्दर्शकाशी सतत वाद घालीत असे. अखेरीस तिने भूमिका केली, तीही कोणताही आडपडदा न ठेवता. लेकीचे बोल ऐकताना तिच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते आम्हाला केवळ अभिनय म्हणवत नाही.

तिची शेवटची भूमिका दूरचित्रवाणीसाठी होती: इस्राएलच्या पंतप्रधान गोल्डा मायर. मायर यांनी स्वतःचा कर्करोग वर्षानुवर्षे गुप्त ठेवून कारभार केला होता. १९८१ साली इस्राएलमध्ये चित्रीकरण चालू असताना इन्ग्रिडचा एक हात रोगामुळे सुजून जड झाला होता. दुसऱ्या दिवशी तो कॅमेऱ्यासमोर आणता यावा म्हणून ती रात्रभर हात उंच टांगून ठेवी. 'अ वुमन कॉल्ड गोल्डा' १९८२ च्या वसंतात दाखवली गेली. २९ ऑगस्टला ती गेली. तिच्या रक्षेचा काही भाग स्वीडनच्या दानहोल्मेन बेटाजवळ समुद्रात विसर्जित करण्यात आला, तर काही स्टॉकहोममध्ये पुरण्यात आला.

सप्टेंबर महिन्यात गोल्डाच्या भूमिकेसाठी एमी पुरस्कार जाहीर झाला. या वेळी तिच्या वतीने तो स्वीकारण्यासाठी मंचावर गेली ती पिया.