सुताराचा मुलगा

सप्टेंबर २०१७ मध्ये सुरतेतील एका चौदा महिन्यांच्या बाळाचा मेंदू मृत झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले. आईबापांनी त्या दुःखाच्या घटकेलाही मन घट्ट करून अवयवदानास संमती दिली. ते इवलेसे हृदय विमानाने मुंबईस आणून साडेतीन वर्षांच्या एका मुलीच्या छातीत बसविण्यात आले. इतक्या कोवळ्या हृदयाला हात लावण्याचे धैर्य डॉक्टरांना कोठून आले, याचा माग काढीत गेल्यास आपण एका सुताराच्या मुलापाशी येऊन पोहोचतो. त्याचे नाव व्हिव्हियन थॉमस.

व्हिव्हियनचा जन्म २९ ऑगस्ट १९१० रोजी अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडिलांच्या हाताखाली तो सुतारकाम शिकला. डॉक्टर व्हावे म्हणून त्याने पैसा पैसा जमविला होता. परंतु मंदीच्या काळात बँक बुडाली आणि शिक्षणाची आशाही तिच्याबरोबर गेली. १९३० साली नॅशव्हिल येथे डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत त्याला काम मिळाले. काम संशोधकाचे, पण हुद्दा व पगार झाडूवाल्याचा!

१९४१ मध्ये ब्लेलॉक बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेले, ते थॉमसना घेऊनच. तेथे डॉ. हेलन टॉसिग ही बालरोगतज्ज्ञ बाई होती. तिला ऐकू येत नसे. बोटांच्या स्पर्शाने ती मुलांची हृदये तपाशी. काही बालके जन्मतः निळसर असत, कारण त्यांच्या हृदयाच्या पडद्यास छिद्र असून फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असे. फुप्फुसाकडे अधिक रक्त नेण्याची काही युक्ती करता येईल का, असे तिने विचारले. थॉमसनी सुमारे दोनशे कुत्र्यांवर प्रयोग केले आणि हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुप्फुसाच्या वाहिनीस जोडण्याची रीत बसविली.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या आयलीनवर पहिली शस्त्रक्रिया झाली. तिचे वजन जेमतेम चार किलो होते. हाती शस्त्र ब्लेलॉकांच्या होते. त्यांच्या पाठीमागे चौरंगावर उभे राहून थॉमस टाका कसा घालावा ते सांगत होते. आयलीन सुधारली, पण काही महिन्यांनी दगावली. तरी वाट मोकळी झाली होती. तिसऱ्या खेपेस एका सहा वर्षांच्या मुलाचे निळे ओठ मेजावरच गुलाबी झाले.

१९४५ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात थॉमसांचे नाव नव्हते. त्यांनी कुरकुर न करता तरुण सर्जनांना शिकविणे चालू ठेवले. पुढे त्याच शिष्यांनी १९७१ मध्ये त्यांचे तैलचित्र रुग्णालयास अर्पण केले. १९७६ मध्ये विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. २६ नोव्हेंबर १९८५ रोजी ते निवर्तले. आता त्या शस्त्रक्रियेस तिघांचेही नाव देतात.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी या चरित्रातून एक गोष्ट मनावर घ्यावी. जन्मणाऱ्या शंभर बालकांपैकी सुमारे एकाच्या हृदयात काही ना काही दोष असतो. वर सांगितलेल्या विकारात उपचार न झाल्यास सुमारे चतुर्थांश मुले वर्षाच्या आत जातात. वेळेवर शस्त्रक्रिया झाल्यास चांगल्या रुग्णालयात शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक वाचतात. दूध पिताना थकून घामाघूम होणारे तान्हे, ओठ व नखे निळी दिसणारे लेकरू, खेळता खेळता धाप लागून उकिडवे बसणारा मुलगा आपल्या मंडळीत दिसल्यास त्याला आळशी किंवा अशक्त म्हणून सोडू नये. आईबापांना त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्याची वाट दाखवावी. सुरत-मुंबई लोहमार्गावरील पालघर येथे फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी व उपचार विनामूल्य होतात.

थॉमसांना पुढची जागा मिळाली नाही. मागे उभे राहूनच त्यांनी मुले वाचविली. आपणही निदान पाहणारे डोळे ठेवू या. नाझरेथच्या सुताराच्या घरी वाढलेला आपला प्रभूही लेकरांना जवळ घेणारा होता.