हरिभाऊंनी घडविलेला वाचक

कादंबरी वाचायची कशी, याचे धडे मी हरि नारायण आपटे यांच्याकडून घेतले. हरिभाऊ ३ मार्च १९१९ रोजी गेले. आज त्यांचे नाव बहुधा परीक्षेपुरतेच निघते. पण मराठी कादंबरीला रूप देणाऱ्या या माणसाने तिचा वाचकही घडविला, असे मला त्यांचे चरित्र पाहताना वाटत आले आहे.

त्यांचा मूळ पिंडच वाचकाचा. जन्म ८ मार्च १८६४ चा, खानदेशातील पारोळ्याचा. आई लहानपणीच गेली. काका महादेव चिमणाजी आपटे या वकिलांच्या छायेत ते मुंबईत व पुढे पुण्यात वाढले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आगरकर त्यांचे शिक्षक. त्याच आगरकरांनी 'हॅम्लेट'चा 'विकारविलसित' हा अनुवाद केला, तेव्हा या विद्यार्थ्याने त्याचे दीर्घ परीक्षण लिहिले. गुरूंचे म्हणून पुस्तक डोक्यावर घेतले नाही, पारखून घेतले. गणिताच्या नावडीपायी पदवी हुकली. इंग्रजी व संस्कृत साहित्याचे वाचन मात्र अखंड चालले.

तोवरची मराठी कादंबरी 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांच्या अद्भुतात रमलेली होती. हरिभाऊंनी १८८५ मध्ये 'मधली स्थिती' लिहून तिला पुण्याच्या मध्यमवर्गीय घरात आणले. १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः दिली. ती चालू असतानाच १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्र पेटला होता. काकांनी १८८८ मध्ये स्थापिलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था हरिभाऊ पाहत. तिथे जुने संस्कृत ग्रंथ छापून निघत आणि तिथलाच व्यवस्थापक एका बालविधवेची कहाणी लिहीत होता!

ही कहाणी यमू स्वतः सांगते. लहानपणी तिने पाहिलेले घर ती पोरीच्या नजरेने दाखविते. मोठ्यांच्या बोलण्यातला डंख तिला कळत नाही, आपल्याला कळतो. मला मिळालेला धडा हाच. सांगणाऱ्याला जे उमगलेले नाही, ते वाचकाने उमजून घ्यायचे. पुढे काय झाले, या उत्सुकतेवर मग भागत नाही. पती रघुनाथराव तिला लिहावाचायला शिकवितात, मुंबईचे थोडे सुखाचे दिवस येतात, आणि वैधव्यानंतर शंकर मामंजींच्या घरी तिचे केशवपन होते. विधवांच्या दुःखावर त्या काळी लेख पुष्कळ निघत. लेखाशी वाद घालता येतो. यमूशी काय वाद घालणार?

हरिभाऊंची गती संथ, पाल्हाळ पुष्कळ, उपदेशाचा मोहही सुटत नाही. 'गणपतराव'सारखी कादंबरी तर अपुरीच राहिली. आजच्या घाईत पाने उलटावीशी वाटतात. तरी मी नव्या वाचकाला सांगतो, ती हप्त्याहप्त्याने वाचा. पहिल्या वाचकांनी यमूची आठवडा-आठवडा वाट पाहिली होती. तेवढ्या काळात परक्या घरची मुलगी ओळखीची होते.

१९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद हरिभाऊंना मिळाले. त्या मानाहून मोलाचा मला त्यांचा तो मथळ्यातला प्रश्न वाटतो. तो विधवेला छळणाऱ्यांना जेवढा विचारलेला आहे, तेवढाच हातात पुस्तक घेऊन स्वस्थ बसलेल्यालाही. पुस्तक मिटताना त्यातला 'कोण' मीच असतो.