हातावरचा ससाणा आणि शाहू महाराज

दिवाळीच्या सुट्टीत मी भिलाईला घरी होतो. आमच्या क्वार्टरच्या मागे आंब्याचे झाड आहे. एका सकाळी त्या झाडावरून राखाडी रंगाचा एक पक्षी सरळ खाली आला आणि कुंपणावरचा सरडा उचलून गेला. सगळे दोन सेकंदांत झाले. आजीने सांगितले की तो शिकरा, आणि असे पक्षी पूर्वी माणसे हातावर बसवून शिकारीला नेत. त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो आणि शेवटी पोहोचलो साताऱ्याच्या शाहू महाराजांपाशी. हे कोल्हापूरचे राजर्षी शाहू नव्हेत. हे संभाजी महाराजांचे पुत्र, शिवाजी महाराजांचे नातू. आमच्या वर्गात अर्ध्या मुलांचा हा घोटाळा होतो, म्हणून आधीच सांगतो.

शाहू महाराजांचा जन्म 1682 चा. 1689 मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली आणि त्याच वर्षी रायगड पडला. सात वर्षांचे शाहू आई येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत गेले. पुढची जवळजवळ अठरा वर्षे औरंगजेबाच्या छावणीत गेली. मी सहावीत वसतिगृहात आलो तेव्हा पहिला आठवडा रडून काढला होता, आणि मला तर सुट्टीला घरी जाता येते. मोगल दरबारात बाज आणि ससाणे पाळणे हे मोठ्या मानाचे काम होते, त्यासाठी वेगळे अधिकारी असत. शाहू महाराजांना शिकारीची आवड तिथेच लागली असावी, असे मला वाटते. पुढे साताऱ्यात शिकार, शिकारी पक्षी, कुत्री आणि मासेमारी यांत त्यांचा बराच वेळ जाई.

ससाणा शिकवायचा कसा, हे इथे सांगितलेच पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. रानातला पक्षी जाळ्यात धरतात. जुन्या काळी त्याच्या पापण्या दोऱ्याने शिवून टाकत, म्हणजे तो बिथरत नसे. मला हे वाचवले नाही. डोळ्यांवर चामड्याची टोपी घालण्याची पद्धत त्यापेक्षा बरी. पायांत मऊ चामड्याच्या वाद्या आणि घुंगरू बांधतात, कारण पक्षी झाडीत हरवला तर आवाजावरून सापडतो. मग शिकवणारा हातमोजा घालून त्याला हातावर घेऊन बसतो, कधी कधी रात्रभर. पक्षी हातावरचे मांस खाऊ लागला की पहिली पायरी झाली. नंतर वीतभर अंतरावरून हातावर उडी, मग दहा पावलांवरून, मग लांब दोरी बांधून शेताच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. आणि एक दिवस दोरी सोडायची.

सगळे कसब पक्ष्याच्या वजनात आहे. पोट भरलेला पक्षी झाडावर बसून राहतो, हाक मारली तरी येत नाही. फार उपाशी ठेवला तर त्याच्यात उडायचे बळच राहत नाही. शिकवणाऱ्याला या दोन्हींच्या मधले वजन रोज राखावे लागते. बहिरी ससाणा उंच आभाळातून झडप घालतो. शिकरा लहान, त्याला मुठीत धरून भाल्यासारखा सावजाच्या दिशेने फेकत. नवशिके शिकऱ्यापासूनच सुरुवात करत, कारण तो लवकर शिकतो. पण कुठलाही पक्षी कुत्र्यासारखा माया लावून घेत नाही. त्याला मारता येत नाही, रागावता येत नाही. एकदा दुखावला की पुढच्या उडीला तो निघूनच जातो. आमच्या ग्राउंडवर चूक झाली की पाच फेऱ्या मिळतात. ससाण्याला फेऱ्या देता येत नाहीत.

1707 मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ वारला आणि त्याचा मुलगा आझमशहा याने शाहू महाराजांना सोडले. पण येसूबाईंना ठेवून घेतले. म्हणजे पक्षी सोडला, पण पायाला लांब दोरी होतीच. ती दोरी सुटायला बारा वर्षे लागली. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले, तेव्हा येसूबाई दक्षिणेत आल्या.

मधल्या काळात शाहू महाराजांनी खेडच्या लढाईत ताराबाईंच्या फौजेवर विजय मिळवला आणि जानेवारी 1708 मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक करून घेतला. त्यानंतर त्यांनी स्वतः फार थोड्या मोहिमा केल्या. त्यांना माणूस ओळखता येत होता. बाळाजींच्या मृत्यूनंतर 1720 मध्ये त्यांनी पेशवेपद बाजीरावांना दिले, तेव्हा बाजीराव एकोणीस वर्षांचे होते. जुन्या सरदारांना ते आवडले नाही. नागपूरचे रघूजी भोसले तर शिकारीमुळेच महाराजांच्या जवळ आले. ते उत्तम शिकारी होते. महाराजांनी आपल्या शिर्के घराण्यातल्या राणीच्या बहिणीशी त्यांचे लग्न लावले आणि दोघे साडू झाले.

रघूजींचा भाग आम्हा भिलाईकरांना जवळचा आहे. त्यांचे सेनानी भास्कर राम कोल्हटकर 1741 च्या सुमारास छत्तीसगडात उतरले आणि रतनपूरचे राज्य भोसल्यांच्या ताब्यात आले. आमचे आजोबा पोलाद कारखान्यात नोकरीसाठी इकडे आले, पण मराठी माणूस इथे त्याच्या दोनशे वर्षे आधीपासून आहे.

सोडलेला पक्षी काय मारतो, हेही बघावे लागते. भास्कर रामांची फौज पुढे बंगालमध्ये गेली आणि तिथे फार लूट झाली. आमच्या शेजारच्या बंगाली काकूंना लहानपणी बर्गी येतील म्हणून झोपवत. बर्गी म्हणजे आपलेच बारगीर. हे कळल्यावर मला काय बोलावे ते सुचले नाही. 1744 मध्ये बंगालच्या नवाबाने भास्कर रामांना बोलणीसाठी बोलावून ठार केले.

शाहू महाराजांचे दोन पक्षी एकमेकांवर तुटून पडले, असेही झाले. 1731 मध्ये गुजरातच्या हक्कावरून डभईजवळ बाजीराव आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांची लढाई झाली आणि दाभाडे मारले गेले. दोघेही महाराजांचेच. महाराज स्वतः त्रिंबकरावांच्या आई उमाबाईंच्या समजुतीला गेले आणि सेनापतीपद त्याच घरात ठेवले. मला इथे त्यांची चूक वाटते. भांडण वर्षानुवर्षे दिसत होते, त्यांनी आधीच दोघांना बोलवायला हवे होते.

1743 मध्ये तसाच प्रसंग पुन्हा आला. या वेळी बाजीरावांचे पुत्र नानासाहेब पेशवे आणि रघूजी भोसले बंगालच्या चौथाईवरून भिडले होते. दोघांकडे मोठ्या फौजा होत्या. महाराज साठी ओलांडलेले, साताऱ्यात बसलेले. त्यांनी दोघांना बोलावले आणि दोघे आले. त्यांनी मुलूख वाटून दिला. माळव्याकडचा भाग पेशव्यांचा, बंगाल आणि ओरिसा रघूजींचा. त्यानंतर महाराजांच्या हयातीत त्या दोघांत तशी लढाई झाली नाही. इतक्या लांब गेलेला पक्षी हाकेला परत येतो, याचे मला फार आश्चर्य वाटते. महाराजांकडे त्यांना अडवायला फौज नव्हती.

15 डिसेंबर 1749 रोजी शाहू महाराज साताऱ्यात वारले. त्यांची समाधी कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावर माहुलीला आहे. तिथेच त्यांच्या खंड्या कुत्र्याचेही स्मारक आहे. या कुत्र्याने शिकारीत त्यांचा जीव वाचवला होता, आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला होता, असे सांगतात. एकदा एक सरदार फार थाटमाट करून भेटायला आला, तेव्हा महाराजांनी आपली पगडी कुत्र्याच्या डोक्यावर ठेवली आणि नंतर स्वतः कधी पगडी घातली नाही, अशीही गोष्ट आहे.

ससाण्याचे स्मारक मात्र कुठे नाही. बहिरी ससाणे हिवाळ्यात येतात आणि उन्हाळ्याआधी उत्तरेकडे जातात. हंगाम संपला की पुष्कळ शिकारी त्यांच्या वाद्या कापून त्यांना सोडून देत. आता 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे आपल्या देशात असा पक्षी धरता किंवा पाळता येत नाही. आमचा शिकरा आंब्यावर आहे. परवा फोनवर आजी सांगत होती की त्याने आता कुंपणावरची खारही नेली.