भिऱ्याची वीज आणि सेनापती

वीजघर बघायला कुणी बायकामुलांना घेऊन जातं का? आपल्याकडे धरण बघायला जातात, भिंतीवर फोटो काढतात, भजी खातात आणि परत येतात. नॉर्वेत मात्र जातात. तिथे रिउकान गावाजवळ व्हेमॉर्क नावाचं जलविद्युत केंद्र आहे. १९११ साली सुरू झालं तेव्हा ते जगातलं सर्वांत मोठं होतं. १९७१ मध्ये ते बंद पडलं. पण पाडून न टाकता १९८८ मध्ये त्याचं संग्रहालय केलं. शाळेची मुलं येतात, जुनी अवजड यंत्रं पाहतात, पाण्यापासून वीज कशी होते ते समजून घेतात. आणि तिथेच त्यांना आणखी एक गोष्ट सांगतात. महायुद्धात हे ठिकाण जर्मनांच्या ताब्यात होतं, तेव्हा १९४३ च्या फेब्रुवारीत नॉर्वेच्याच तरुणांनी इथला जड पाण्याचा कारखाना सुरुंग लावून निकामी केला. कारखाना उभारणाऱ्यांचं कौतुक आणि त्याला सुरुंग लावणाऱ्यांचंही, तेही एकाच ठिकाणी!

हे वाचलं आणि मला आपलं भिरा आठवलं. आम्हा महाडकरांना ते काही फार लांब नाही. माणगावला यायचं, तिथून निजामपूर, विळे, पाटणूस करत सह्याद्रीच्या पायथ्याला पोचायचं. घाटावर मुळशीला मुळा आणि निळा या नद्यांवर धरण बांधलं. जे पाणी भीमेतून, कृष्णेतून पूर्वेला जायचं ते डोंगरातून पश्चिमेला वळवलं आणि सुमारे ५०० मीटर खाली आणून यंत्रांवर सोडलं. चक्राच्या वाट्यांवर पाण्याचा फवारा आदळतो, चक्र फिरतं, वीज होते आणि पाणी कुंडलिकेत जातं. कोलाडला रबरी होड्यांतून आरडाओरडा करत जाणारी तरुण मंडळी याच पाण्यावर तरंगत असतात, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असतं कोण जाणे.

भिऱ्याचं वीजघर १९२७ पासून चालू आहे, त्यामुळे त्याचं संग्रहालय करण्याची वेळ अजून आलेली नाही. पण ना धूर, ना राख, अशा विजेला आता भाव आला आहे. उद्या कुणी तिथे किंवा खोपोली-भिवपुरीला लोकांसाठी स्वच्छ ऊर्जेचं एखादं दालन उघडायचं म्हटलं, तर पहिल्या भिंतीवर कोण असेल? टाटांचं चित्र असेलच, असायलाच हवं. जमशेटजींनी पाहिलेलं जलविजेचं स्वप्न त्यांच्या मागे दोराबजींनी पुरं केलं. पण समोरच्या भिंतीवर मला पांडुरंग महादेव बापट हवे आहेत.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, पारनेरचा. घरची गरिबी, बुद्धी तल्लख. डेक्कन कॉलेजातून शिकून मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर ते १९०४ मध्ये एडिंबरोला गेले. कशासाठी? तर यंत्रशास्त्र शिकायला! पुढे ज्या माणसाने धरणाच्या कामासमोर आडवं पडायचं ठरवलं, तो यंत्राला घाबरणारा अडाणी नव्हता, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. इंग्रजी राजवटीवर उघड टीका केल्याने शिष्यवृत्ती गेली. मग सावरकरांचा सहवास, पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची विद्या, ती घेऊन १९०८ मध्ये परत येणं, अज्ञातवास, अटक. १९१५ च्या सुमाराला सुटले तेव्हा हा बाँबवाला माणूस हातात झाडू घेऊन पारनेरचे रस्ते झाडू लागला. लोकांना वेड वाटलं असेल. पण देशसेवेची सुरुवात दारातल्या घाणीपासून, एवढा साधा हिशेब होता तो.

मुळशीची हाक पुढे आली. भूसंपादनाच्या १८९४ च्या कायद्याने मावळातली सुमारे ५० गावं पाण्याखाली जायची होती. माणसं होती दहा हजारांच्या वर. भाताची खाचरं, देवळं, पिढ्यान्‌पिढ्यांची घरं. वीज हवी होती मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे बायकामुलांसह धरणाच्या कामावर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याचे मोठे संघटक. बापट पुढे त्यात उतरले आणि पुरते त्यातलेच झाले. पुन:पुन्हा तुरुंगात गेले. सेनापती ही पदवी त्यांना याच लढ्याने दिली.

लढा हरला, आणि तो नुसत्या सरकारी बळाने हरला नाही. मावळातल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे होत्या. त्यांना जमिनीची किंमत मिळाली की पुरे होतं. कसणाऱ्याला मात्र जमीनच हवी होती. भरपाईचा सौदा पटला आणि सावकारांनी अंग काढून घेतलं. असल्या लढ्यांत हे नेहमीच होतं, पण म्हणून त्याची टोचणी कमी होत नाही. शेवटी १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी मोजक्या साथीदारांसह शस्त्रं घेऊन कामाची आगगाडी अडवली. त्यात माणसं जखमी झाली. गांधीजींच्या वाटेत हे बसणारं नव्हतं, आणि मलाही ते पटत नाही. गाडीतल्या माणसांनी काही मुळशी बुडवली नव्हती. बापट मात्र पळाले नाहीत. सात वर्षांची शिक्षा झाली, ती त्यांनी भोगली.

म्हणून १९२७ मध्ये भिऱ्याची चक्रं फिरू लागली तेव्हा सेनापती तुरुंगात होते. त्याच वर्षी, त्याच कुलाबा जिल्ह्यात, २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आमच्या महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाणी कुणाचं, हा प्रश्न एकाच जिल्ह्यात एकाच वर्षी असा दोन ठिकाणी उभा होता. आणि जिल्ह्यात तयार होणारी वीज? ती मुंबईला गेली. पोलादपूरच्या वर डोंगरातल्या वाडीत माझी आत्या राहायची. भिरा सुरू होऊन चाळीस वर्षं उलटली तरी तिच्याकडे रॉकेलची चिमणीच होती. मुक्कामाला गेलो की सकाळी नाकपुड्या काळ्या झालेल्या असत.

बापट १९३१ मध्ये सुटले. पुन्हा भाषणं, पुन्हा तुरुंग. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात झेंडावंदन त्यांच्या हातून झालं. मोठी जागा मागितली असती तर मिळाली असती, मागितली नाही. पंचाहत्तरीला पोचल्यावरही गोव्याच्या सत्याग्रहात आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हा म्हातारा पुढेच होता. २८ नोव्हेंबर १९६७ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

मुंबईने दादर-लोअर परळच्या एका मोठ्या रस्त्याला सेनापती बापट मार्ग असं नाव दिलं. रस्ता जातो थेट गिरण्यांच्या भागातून. म्हणजे ज्यांच्यासाठी मुळशी बुडाली त्यांच्याच दारावरून. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या जागेवर मॉल, कचेऱ्या आल्या. मुळशीचं पाणी मात्र अजूनही भिऱ्याला उतरतंच आहे.